रंभाजीची पट्टी

विमलबाईच्या पदराला कायम गाठ असायची. बाकीच्या बायांच्या गाठीत सुट्टे पैसे नाहीतर मशेरी. हिच्या गाठीत ढेकूळ. शेतातलं, साधं काळ्या मातीचं ढेकूळ. एसटीत शेजारणीच्या साडीला माती लागायची, शेजारीण करवादायची, आणि विमलबाई काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. "माती हाय, मळ न्हाई," असं ठणकावून सांगायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

हे ढेकूळ घेऊन ती भिंगारला जायची, श्रीरामपूरला जायची, एकदा तर पार पुण्याला जाऊन आली. गावची शिकलेली पोरं तिकडं नोकरीला लागली होती आणि गावात त्यांची रानं पडून होती. मालकाच्या घरी चहा येईपर्यंत ती गप्प बसायची. चहा आला की गाठ सोडायची आणि ढेकूळ बशीशेजारी ठेवायची. "वळख बरं. तुझंच रान हाय. हराळी माजलीय त्यात, आन् तू हितं पंख्याखाली बसलाय." निम्मे मालक हसायचे, निम्मे चिडायचे. पण ते ढेकूळ उचलून बाहेर फेकायचं धाडस कुणाला झालं नाही.

तिचं गाव शेवगावच्या पूर्वेला, एसटीनं पाऊण तासावर. पाऊस बेताचा, जमीन मात्र भारी. हस्ताच्या पावसानं एकदा ओल धरली की रब्बीची ज्वारी नुसत्या थंडीवर यायची. अशी रानं पडीक का ठेवायची, असं कुणी परगावचा माणूस विचारेल. त्याला गावातली भीती ठाऊक नाही. जमीन दुसऱ्याला कसायला दिली, कसणाऱ्याचं नाव सरकारी कागदावर लागलं, तो कूळ झाला, की जमीन त्याचीच होणार, ही ती भीती. खरी किती आणि खोटी किती, हे वकीलही नीट सांगायचे नाहीत. पण मालकांनी दार लावून घ्यायला तेवढं पुरायचं. रान पडीक राहिलं तरी चालेल, नाव लागायला नको.

आणि त्याच गावातली बिनजमिनीची जोडपी दिवाळी सरली की कोयते घेऊन ऊसतोडीला निघायची. सहा महिने कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत आणि सहा महिने गावात, दुसऱ्याच्या बांधावर. त्यांतल्या ज्यांना शेती करायची हौस होती, त्यांना रान नव्हतं. रान मिळालं असतं तरी करायची कशी ते ठाऊक नव्हतं. ऊस तोडायचा त्यांना पाठ होता. पेरायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

ही दोन टोकं विमलबाई जुळवायची. तिला ते जमायचं, कारण तिच्या हातात मूठ होती. पाभरीवर बी सोडायला वाटीसारखं लाकडी चाडं असतं. बैल पुढं चालतात, पाभर ओल फाडत जाते, आणि मागून चालणारी बाई मुठीतलं बी बोटांच्या फटीतून चाड्यात सोडत राहते. दाट पडलं तर ताटं एकमेकांना खातात, पातळ पडलं तर रान उघडं राहतं. विमलबाईची मूठ पाच गावांत नावाजलेली. पस्तीस वर्षं तिनं सगळ्यांची रानं पेरली. नावावर एक गुंठा नसलेल्या या बाईला कुठल्या शेतात खडक वर आलाय, कुठं पाणी साचतं, कुठली जमीन आधी भेगाळते, हे सगळं पायाच्या तळव्यांनी कळलेलं होतं.

तिच्या अटी तीन. मालकाला निम्मा वाटा. पहिलं वर्षभर एक जाणता म्हातारा बांधावर बसणार आणि नवख्याला शिकवणार. त्याला ती 'बांधावरचा माणूस' म्हणायची. आणि तिसरी अट, कसणाऱ्यानं नाव लावून घ्यायचं नाही. या तिसऱ्या अटीवरच मालक दार उघडत होते. स्वतःसाठी ती काही घ्यायची नाही. पेरणीचं पहिलं तास, पाभरीची पहिली ओळ, माझ्या मुठीनं पडेल, एवढंच तिचं मागणं. गावातली रिकामटेकडी माणसं तिला 'विमल एजंट' म्हणायची. श्रीरामपूरला ट्रकवर असलेला तिचा नितीनसुद्धा म्हणायचा, "आई, कशाला उगं लोकांची उसाभर?" त्यावर ती म्हणायची, "तुला डायव्हरकी कुनी शिकिवली? कुनीतरी शेजारी बसलं हुतं ना?"

पंच्याण्णव सालच्या पोळ्याला तिच्या दारात भीमराज आणि प्रज्ञा येऊन उभे राहिले. वस्तीतलंच जोडपं, लग्नाला दहा वर्षं झालेली, आणि सात वर्षं ऊसतोडीला. बोलणं प्रज्ञानं सुरू केलं.

"मावशी, आमची जयमाला तिसऱ्यांदा दुसरीत बसलीय. दर दिवाळीला शाळा सुटती, आन् गुडीपाडव्याला परत येतो तर नाव काढून टाकल्यालं. औंदा मला जायचं न्हाई. कायबी करा, पन रान बघा."

भीमराज बायकोच्या मागं उभा राहून नुसती मान हलवत होता. दांडगा माणूस, पण बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

विमलबाईच्या डोळ्यांपुढं एकच रान होतं. रंगुबाईचं, तीन एकरांचं, ओढ्याकाठचं. चार वर्षं पडीक. आणि त्या रानाचं नाव तोंडावर आणायचं ती टाळायची. कारण त्याला सगळा गाव 'रंभाजीची पट्टी' म्हणायचा, आणि रंभाजी म्हणजे तिचा सासरा.

गोष्ट जुनी, सत्तावन्न सालची. त्यांच्या घरानं धम्म घेतला त्याच्या पुढच्याच वर्षाची. नव्या कूळकायद्यानं कसेल त्याची जमीन व्हायची होती, आणि ती पट्टी रंभाजी वीस वर्षं कसत होता. रंगुबाईचा सासरा त्याला घेऊन शेवगावला गेला. तिथं रंभाजीनं साहेबापुढं सांगितलं, मी कूळ नाही, मजूर आहे. आणि अंगठा उठवला. का उठवला, धाकानं की भिडेनं, हे त्यानं मरेपर्यंत घरात कुणाला सांगितलं नाही. विमलबाई तेव्हा पंधरा वर्षांची नवी नवरी. तिला त्या दिवसातली एकच गोष्ट आठवते. मोठ्या घरून, म्हणजे रंगुबाईच्या सासरहून, एक पुरणपोळी आली होती. सण नव्हता, काही नव्हतं. सासऱ्यानं ती पोळी हातात घेतली, तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "तू खा, पोरी." तिनं खाल्ली. गोड लागली. कसली पोळी, ते तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

जमीन कागदावर मोठ्या घराचीच राहिली. गावाच्या तोंडात मात्र रंभाजीची पट्टी म्हणायची सवय तशीच राहून गेली. रंगुबाईच्या घरातली माणसंही तसंच म्हणायची, त्यात काही आहे हे मनात न आणता.

रंगुबाई विमलबाईच्याच वयाची, त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. नवरा गेला, मुलगा बजरंग भिंगारला लष्कराच्या गोदामात कारकून. विमलबाई ढेकूळ घेऊन तीनदा भिंगारला गेली. दोनदा बजरंगनं चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा ढेकूळ हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, माझ्या म्हातारपणाची तेवढीच सोय आहे. नाव लागता कामा नये. शब्द?"

"शब्द."

गावी येऊन तिनं तो शब्द भीमराजकडून घेतला, पट्टीच्या बांधावर उभं राहून. प्रज्ञा त्या दिवशी जयमालाला घेऊन शाळेत गेली होती. पुढं काय झालं ते ऐकताना एवढं ध्यानात ठेवायला हवं.

बांधावरचा माणूस म्हणून तिनं आसारामतात्यांना गाठलं. तात्यांचे गुडघे गेलेले, पोरं श्रीरामपूरला, दावणीला बैलजोडी आणि पडवीत पाभर नुसती उभी. सांगायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तात्या दिवसभर कुत्र्यावर ओरडायचे. विमलबाई म्हणाली, "कुत्र्याला सोडा. मी दोन मानसं देते वरडायला." तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत पट्टीवर हजर.

आणि काय ओरडायचे! ऊसतोडीच्या माणसाला घाई अंगात मुरलेली. भीमराज पाभर अशी हाणायचा की बैल मागं वळून बघायचे.

"आरं, ट्रक भरायचाय का तुला? बैलाच्या पायानं चाल, तुझ्या न्हाई!"

प्रज्ञाची तऱ्हा वेगळी. तिनं मूठ आवळली ती कोयता धरल्यासारखी. बी पडेचना, आणि पडलं ते एकदम ओंजळभर. विमलबाईनं पहिलं तास स्वतः सोडलं, मग प्रज्ञाचं मनगट आपल्या हातात धरलं आणि तिच्यासोबत चालायला लागली. "मूठ मिटायची न्हाई, उगडायची बी न्हाई. लेकराचं बोट धरतो ना, तशी धर." दुपारपर्यंत प्रज्ञाच्या हाताला ते कळलं. संध्याकाळी तात्यांनी माती उकरून दाणे मोजले आणि म्हणाले, "चालंल." तात्यांच्या तोंडून 'चालंल' निघणं म्हणजे दसऱ्याचं सोनं.

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक वस्तीत आला, भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं सगळी चढली. मुकादमानं सवयीनं प्रज्ञाच्या दारापुढंही हॉर्न वाजवला. प्रज्ञा उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं हातानं नाही म्हणून सांगितलं. ट्रक गेल्यावर ती रडली. आनंदानं की भीतीनं, तिचं तिला कळेना. जयमाला दप्तर घेऊन शाळेत गेली होती.

ज्वारी अशी आली की ओढ्यापलीकडची माणसं वाट वाकडी करून बघायला यायची. जानेवारीत कणसं भरली. प्रज्ञा माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होती, तेवढ्यात बांधावर तलाठी उभा. नवा होता, तरणा होता आणि इमानदार होता. त्यामुळं पीकपाहणी चावडीत बसून न करता खरोखर रानात फिरून करत होता. गावाला याची सवय नव्हती.

"हे पीक कुणाचं?" त्यानं विचारलं.

प्रज्ञा माळ्यावरून खाली उतरली, पदर सावरला आणि तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. सासऱ्याच्या नावासकट, सावकाश, चूक होऊ नये म्हणून. वर म्हणाली, "लिवलं का सायेब? वाचून दावा."

त्यानं वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

तिचं तरी काय चुकलं? सात वर्षं ती टोळीत होती. टोळीत मुकादमाच्या वहीत ज्याचं नाव नाही, त्याची मोळी कुणी मोजत नाही. एकदा तिचं नाव राहून गेलं होतं, तर आठवडाभर तोडलेला ऊस वाऱ्यावर गेला. नाव लागलं की आपण केलेलं काम आपलं, नाही लागलं तर आपण नव्हतोच, एवढं एकच शहाणपण तिला उसानं शिकवलं होतं.

त्याच दुपारी ती गुळाचा खडा घेऊन विमलबाईकडं पळत आली. "मावशी, तोंड उगडा आधी!" गूळ तोंडात घातला आणि मग म्हणाली, "आमचं नाव लागलं! सरकारी वहीत! मी दोनदा वाचून घेतलं."

गूळ विमलबाईच्या तोंडात तसाच राहिला. पोरीच्या चेहऱ्याकडं बघून तिला ओरडावंसंही वाटेना. प्रज्ञा सांगत होती, साहेब कसा चांगला बोलला, कसं मोत्यासारखं अक्षर होतं. विमलबाईनं तिला खाली बसवलं, हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. कूळ म्हणजे काय, बजरंगचा शब्द काय, बांधावर भीमराज काय बोलला.

प्रज्ञाचा रंग उतरला. "मला कुनी सांगितलंच न्हाई, मावशी. ह्यो म्हनला, मावशीला शब्द दिलाय. कसला, ते न्हाई बोलला."

"न्हाई सांगितलं," विमलबाई म्हणाली. "माझी चूक."

आणि ती चूक तिला फार लागली. मूठ बाईनं धरायची आणि शब्द पुरुषानं द्यायचा, ही रीत जन्मभर जिला खुपत आली, तिनंच ती पाळली होती. प्रज्ञा घरी येईपर्यंत थांबायला तिला काय झालं होतं? जन्माचा राग आला तिला स्वतःचा.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून ती तशीच रंगुबाईकडं गेली. नेहमीसारखी ओट्याखाली बसली. रंगुबाईनं ऐकून घेतलं आणि नुसतं म्हणाली, "बजरंगाला कळवावं लागंल."

कळवायला लागलंच नाही. मालकाच्या जमिनीवर दुसरा माणूस कसतोय, अशी नोंद तलाठ्यानं वर धाडली आणि शेवगावच्या तहसील कचेरीतून रंगुबाईला तारीख आली. बजरंग रविवारी आला. ओरडला नाही. ओरडला असता तर विमलबाईला बरं वाटलं असतं.

"मावशी, तुमच्यावर राग नाही. पण उद्या मी नसेन, तुम्ही नसाल, कागद राहील." त्यानं भीमराजकडं पाहिलं. "तारखेला सांगायचं, मी मजूर आहे, जमिनीशी संबंध नाही. सुगी करा, निम्मं तुमचं तुम्ही न्या. पुढच्या सालापासून मात्र रान मोकळं."

भीमराजनं मान हलवली. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या दिवाळीला ट्रक येईल, हॉर्न वाजेल आणि आपण चढू, हे तिला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. जयमाला आता तिसरीत किती वर्षं बसेल, हेही. विमलबाईनं बजरंगपुढं पदर पसरला. तो खाली बघत राहिला. म्हणाला, "मावशी, मला पाप लागेल असं करू नका." आणि गेला.

फेब्रुवारीतल्या तारखेला सगळे पहिल्या एसटीनं शेवगावला निघाले. रंगुबाई आणि विमलबाई एका बाकावर बसल्या. जागा तेवढीच होती. मागच्या बाकावर भीमराज आपलं वाक्य पाठ करत होता. "सायेब, मी मजूर हाय. सायेब, मी मजूर हाय." पुढं दोघी म्हाताऱ्या ते ऐकत होत्या आणि दोघीही खिडकीबाहेर बघत होत्या.

कचेरीत साहेब चष्म्याआडून बघणारा, कंटाळलेला, पण सभ्य माणूस होता. बजरंग भिंगारहून परस्पर आला होता. भीमराजचं नाव पुकारलं. तो पुढं गेला, टोपी हातात घेतली.

"सायेब, मी मजूर हाय. कूळ न्हाई."

विमलबाईनं डोळे मिटले. अडतीस वर्षांपूर्वी हीच कचेरी, हेच शब्द. सासऱ्याच्या तोंडून तिनं ते ऐकले नव्हते. आता ऐकले. आपण या पोरांना रान दिलं की आपल्या घरातली ती जुनी मान खाली घालणं दिलं, असं तिला वाटलं, आणि तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

साहेबानं रंगुबाईला पुढं बोलावलं. "आजी, शेत कुठलं? गट नंबर सांगा."

रंगुबाईला नंबर ठाऊक नव्हता. बजरंग बोलायला लागला, तर साहेबानं हात वर केला. "त्यांना सांगू द्या. शेताला काही नाव असेल ना? काय म्हणता तुम्ही त्याला?"

"रंभाजीची पट्टी," रंगुबाई म्हणाली.

"रंभाजी म्हणजे तुमचे मालक?"

"न्हाई."

"सासरे?"

"न्हाई, सायेब."

"मग तुमच्या शेताला या रंभाजीचं नाव कसं?"

बजरंगनं नजर साहेबाकडून आईकडं वळवली. जन्मल्यापासून तो त्या रानाला रंभाजीची पट्टी म्हणत आला होता. रंभाजी कोण, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. रंगुबाईनं मागं वळून विमलबाईकडं बघितलं.

"रंभाजी हिचा सासरा," ती म्हणाली. "तेचंच रान हुतं, कसायला. वीस वरसं तेनं केलं. मग माझ्या सासऱ्यानं तेला हितं आनला आन् मजूर हाय म्हनून वदवून घेतलं. मी नवी नवरी हुते. त्या दिशी आमच्या घरी पुरन घातलं. मी सासूला इचारलं, आज सन कसला? तर म्हनली, रान वाचलं. त्यातली एक पोळी मी माझ्या हातानं बांधून रंभाजीच्या घरी धाडली. मला काय ठावं? मी म्हनलं, सन हाय, शेजारी द्यावं."

विमलबाई खाली बसली. खुर्ची नव्हती, फरशीवरच बसली. त्या पोळीची चव तिच्या जिभेवर आली. इतकी वर्षं ती चव तिनं कशाचीही म्हणून सांभाळली नव्हती, आणि आता ती कुठं ठेवावी तेही तिला कळेना.

"लिवा, सायेब," रंगुबाई सांगत होती. "ह्यो पोरगा मजूर न्हाई. पेरलं हेनं, खुरपलं हिनं, पाखरं हिनं राखली. म्या लावून दिलंय निम्म्यानं. तेला जमिनीची मालकी नको हाय, ते मला ठावं हाय. पन आमच्या घरानं एकदा खोटं वदवून घेतलंय. दुसऱ्यांदा माझ्या तोंडादेखत न्हाई."

"आई!" बजरंग म्हणाला.

"गप बस."

साहेबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भीमराजला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

भीमराजचं पाठ केलेलं वाक्य संपलं होतं. त्यानं प्रज्ञाकडं बघितलं. मग म्हणाला, "हक्क न्हाई मागत, सायेब. कसायला रान मागतो. पोरगी शाळंत हाय."

साहेब म्हणाला, "तुम्ही आपसात मिटवा, लेखी करून आणा. मी पुढची तारीख देतो."

कचेरीच्या आवारात, लिंबाखाली, अर्ज लिहिणारे बसतात. बजरंग तिथं बराच वेळ एकटाच उभा राहिला. मग एका अर्ज लिहिणाऱ्याकडून त्यानं कोरा कागद मागून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहायला बसला. आई जिवंत आहे तोवर रान भीमराजनं निम्म्या वाट्यानं कसायचं. मालकी मागायची नाही. मालकानं मध्ये काढून घ्यायचं नाही. लिहून झाल्यावर त्यानं वर बघितलं.

"प्रज्ञाचंही नाव घालू?" त्यानं विचारलं. "पुरं नाव सांग."

प्रज्ञानं सांगितलं, आणि मग भीत भीत म्हणाली, "वाचून दावा."

त्यानं दोनदा वाचून दाखवलं. अंगठे झाले, सह्या झाल्या. बजरंग विमलबाईजवळ आला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चा पाज आता. आज ढेकूळ न्हाई आनलं."

पुढच्या तारखेला तो कागद दाखल झाला आणि प्रकरण मिटलं. तेव्हापासून रंगुबाईची तब्येत ही भीमराजच्या घरची मोठी काळजी होऊन बसली. म्हातारी नुसती शिंकली तरी प्रज्ञा आल्याचा काढा घेऊन हजर. आसारामतात्या बांधावरून ओरडायचे, "आरं, पिकाला जप तेवढं म्हातारीला जप! शंभरी गाठली पायजे तिनं!"

मार्चमध्ये खळं झालं. नव्या ज्वारीची पहिली भाकरी प्रज्ञानं विमलबाईच्या चुलीवर, तिच्यासमोर थापली. मावशीनं बघावं म्हणून. भाकरी तव्यावर फुगली तेवढ्यात दारात सावली पडली. रंगुबाई आली होती. चाळीस वर्षांत वस्तीतल्या या घरी ती कधी आली नव्हती. बोलणं व्हायचं ते ओट्यावरून किंवा बांधावरून. ती आत आली, इकडंतिकडं न बघता विमलबाईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "वाढ की."

विमलबाई तिच्याकडं बघत राहिली. जन्मभर जिला 'तुमी' म्हटलं, तिला तिनं विचारलं, "आज सन कसला गं?"

रंगुबाईनं परातीतून भाकरी उचलली. ती गरम होती, तरी तिनं दोन्ही हातांनी तिचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा विमलबाईपुढं ठेवला.

"रान वाचलं," ती म्हणाली. "तू खा."